महिपत सुकाण्याची चाळीस मिनिटं

मांडवीच्या धक्क्यावर संध्याकाळी पाच ते साडेसात या वेळात थोडं वाढवून बोलायला कोणाची हरकत नसते. हरकत असते ती एकच गोष्ट दर वर्षी नव्या मापानं सांगायला. महिपत भाटकरचं नेमकं तिथं चुकलं. आणि गंमत अशी की मुळात गडी खोटं बोलतच नव्हता.

महिपत बोटीवर सुकाणी होता. तीस वर्षं त्यानं परदेशी मालवाहू जहाजांची चाकं फिरवली. चौऱ्याण्णव साली त्याच्या जहाजाचं इंजिन प्रशांत महासागरातल्या कुठल्याशा बेटापाशी बसलं आणि सुटा भाग येईपर्यंत जहाज तेवीस दिवस बंदरात पडून राहिलं. त्याच बेटाच्या बाजूला एका इंग्रजी सिनेमाचं शूटिंग चाललं होतं. सिनेमात जगबुडी झालेली, सगळी जमीन पाण्याखाली गेलेली, आणि उरलेली माणसं पिंपं, फळ्या नि मोडक्या होड्या एकत्र बांधून तरंगतं गाव करून राहिलेली. गाव तयार होतं, गावकरी कमी पडत होते. इकडे खलाशी रिकामे बसले होते. महिपतच्या अंगाला काळं फासून, त्याला फाटकं कापड नेसवून दोन दिवस त्या गावात बसवलं.

इथवर सगळं खरं. पुढची भर महिपतची. शहाण्णव साली तो कायमचा घरी आला तेव्हा म्हणाला, "मी मागं गर्दीत होतो." सत्त्याण्णव साली तो हिरोच्या मागं होता. अठ्ठ्याण्णव साली शेजारी. दोन हजार साली त्यानं हिरोला दोराची गाठ मारायला शिकवली, आणि दोन हजार दोनच्या शिमग्यात डायरेक्टर त्याला म्हणाला, "जाऊ नकोस, तुला मोठा रोल देतो." हा चढता आलेख धक्क्यावरच्या प्रत्येकाला तोंडपाठ होता. माणसं नवऱ्या-बायकोचे वाढदिवस विसरतात, पण शेजाऱ्यानं कुठल्या साली कुठली थाप मारली ते विसरत नाहीत.

त्यात अठ्ठ्याण्णव साली घात झाला होता. रघू केबलवाल्यानं त्या सिनेमाची कॅसेट कुठूनशी मिळवली आणि केबलवर लावली. अख्ख्या मांडवीनं बघितली. तरंगतं गाव आलं, दीड मिनिटात गेलं, आणि त्या दीड मिनिटात महिपत तर सोडाच, महिपतसारखं कोणी दिसलं नाही. दुसऱ्या दिवसापासून त्याला 'हॉलिवूड' हे नाव पडलं. "कापला रे माझा सीन!" असं तो सहा वर्षं सांगत होता. पण कापलेल्या सीनला साक्षीदार कुठून आणायचा?

साक्षीदाराचा आग्रह धरणारा मुख्य माणूस म्हणजे बाबल्या कीर. हा कोर्टातून निवृत्त झालेला बेलिफ. बत्तीस वर्षं त्यानं लोकांच्या दारांवर नोटिसा डकवल्या होत्या, आणि कागद हातात दिल्याखेरीज समोरचा माणूस अस्तित्वात आहे हेही तो मान्य करत नसे. महिपत आणि तो शाळेपासूनचे सोबती. धक्क्याच्या कठड्यावर रोज संध्याकाळी महिपत बोलायचा आणि बाबल्या हरकत घ्यायचा.

दोन हजार चारच्या एप्रिलात मुसा होडेकरचा दोह्याहून फोन आला. मुसा म्हणजे महिपतच्या भिंतीला भिंत लागून असलेला शेजारी. तिकडे वातानुकूलन यंत्रं दुरुस्त करतो, वर्षाकाठी महिनाभर सुट्टीवर येतो.

"काका, तुमचा पाण्याचा पिच्चर इकडे दुकानात नवीन आलाय," मुसा म्हणाला. "डीव्हीडी. दोन तबकड्या, चंदेरी खोका. वर लिवलंय, चाळीस मिनिटं जास्त. थेटरात कापलेलं सगळं परत घातलंन."

महिपतनं फोन ठेवला आणि चप्पल न घालता धक्क्यावर गेला. त्यानं ही बातमी ज्या आवाजात सांगितली तो आवाज त्यानं वादळात जहाजावर वापरला असता तर कप्तानाला भोंग्याची गरज पडली नसती.

बाबल्यानं शांतपणे तंबाखू मळली. "चाळीस मिनिटात दिसलास तर?"

"तर तू अख्ख्या मांडवीसमोर सांगायचंस, महिपत बोलतो ते खरं."

"कबूल. आणि नाय दिसलास तर?"

महिपतनं कठड्यावर थाप मारली. मग मोठेपणाच्या झटक्यात बोलून गेला, "नाय दिसलो तर ह्या कठड्यावर बसून पुन्हा दर्याची एक गोष्ट सांगणार नाय. आयुष्यात नाय."

आता हे शब्द हलके नव्हेत. ज्या माणसाच्या जवळ पेन्शन, बायको आणि गोष्टी एवढ्याच तीन वस्तू उरल्यात, त्यानं तिसरी पणाला लावली होती. घरी गेल्यावर मथुरानं, म्हणजे त्याच्या बायकोनं, हे ऐकलं आणि कपाळावर हात मारला.

"अहो, गोष्टी बंद म्हणजे संध्याकाळचे तुम्ही घरात बसणार?"

"तेच तर."

"मग दिसाच तुम्ही," मथुरा म्हणाली. "काय वाटेल ते करा, पण दिसा."

मुसा मे महिन्यात आला. खोका खरंच चंदेरी होता. महिपतनं तो दोन्ही हातांवर घेतला आणि देव्हाऱ्यात ठेवायला निघाला, पण मथुरानं अडवलं, म्हणून मग तांदळाच्या डब्यावर ठेवला. पाहायला लोक येऊ लागले. वेष्टनावर हिरो, मागं समुद्र, समुद्रात ठिपक्याएवढी माणसं. महिपत भिंग घेऊन बसला आणि तिसऱ्या रांगेतला एक ठिपका आपला आहे असं सांगू लागला. बाबल्यानं तो दावा तिथल्या तिथं फेटाळला.

पहिला प्रयोग रघूच्या यंत्रावर झाला. रघूनं तबकडी आत सरकवली. यंत्रानं ती क्षणभर चघळली आणि बाहेर काढली. पुन्हा आत, पुन्हा बाहेर.

"काका, ही डीव्हीडी. माझं व्हीसीडीचं यंत्र," रघू म्हणाला.

"गोल तर दोनी आहेत."

"भाकरी नि ताटलीपण गोल असते, काका."

मांडवीत सल्ल्याला कधी तुटवडा नसतो. तबकडीला टूथपेस्ट लावून पुसा, असं एकानं सांगितलं. फ्रीजमध्ये ठेवा, दुसऱ्यानं सांगितलं. मासळी विकणारी गंगुबाई टोपली घेऊन दारावरून चालली होती, ती थांबून म्हणाली, "मेल्या महिपत, ऊन दाखव तिला. दमट झाली असंल." महिपतनं टूथपेस्ट तेवढी नाकारली, कारण ती तबकडी त्याची अब्रू होती आणि अब्रूला पेपरमिंटचा वास चालत नाही.

शेवटी रघूनं कोल्हापूरच्या मेहुण्याकडून डीव्हीडीचं यंत्र मागवलं. एस.टी.नं येता येता यंत्रानं आंबा घाटाची वळणं खाल्ली, तरी ते शाबूत पोचलं. तबकडी आत गेली. या वेळी बाहेर आली नाही, पण पडद्यावर दोन ओळींची इंग्रजी सूचना आली. रघूनं ती वाचली आणि डोकं खाजवलं.

"काका, या तबकड्यांसाठी जगाचे भाग पाडलेत. आखाताचा भाग दोन नंबर. आपला पाच नंबर. दोन नंबरची तबकडी पाच नंबरच्या यंत्रावर चालत नाय."

बाबल्याच्या चेहऱ्यावर प्रथमच खरा आनंद दिसला. सिनेमाच्या धंद्यात एवढी शिस्त असेल हे त्याला ठाऊक नव्हतं. "म्हणजे ही केस या कोर्टात चालत नाय! अधिकारक्षेत्र नाय!" तो उठून उभा राहिला. "महिपत, हे बरोबर आहे. तुला दोह्याला जाऊन दावा लावायला पायजे."

"अरे, सगळी जमीन बुडाली त्या पिच्चरात!" महिपत कळवळून ओरडला. "देशच उरले नाहीत तिथं, नि तबकडीला हद्द कसली?"

हा मुद्दा बिनतोड होता, पण यंत्राला तो कळत नव्हता. रघूनं मेहुण्याला फोन लावला. मेहुण्यानं सांगितलं, खण उघडा ठेवून रिमोटवर अमुक आकडे दाबा. रघू आकडे दाबत राहिला, मेहुणा चुकत राहिला. अकराव्या खेपेला यंत्र हद्दी विसरलं आणि त्याच झटक्यात आपली मातृभाषाही विसरलं. पडद्यावर सगळं अरबीत दिसू लागलं.

"मुसाला बोलवा," महिपत म्हणाला. "तो बारा वर्षं तिकडं हाय."

"बोलवा, बोलवा," मुसाची बायको रहिमा कुंपणापलीकडून म्हणाली. "अरबीत त्येना खुबूस, म्हणजे रोटी, मागता येते नि पाणी मागता येतं. पिच्चरात पाण्याचं काय आलं तर सांगतील."

आता प्रश्न आला बघायचं कुठं. महिपतच्या ओटीवर पंधरा माणसं मावतात आणि येणारी साठ होती. मुसानं स्वतःची पडवी आणि मोठा टीव्ही देऊ केला. सगळं ठरलं, आणि बाबल्यानं हरकत घेतली. वीसपेक्षा जास्त माणसं म्हणजे जाहीर प्रयोग, त्याला परवानगी लागते, असं त्याचं म्हणणं. हा आकडा त्याला कुठल्या कायद्यात सापडला ते त्यानं सांगितलं नाही. पण बेलिफ बोलला म्हणजे काहीतरी असेल, या भीतीनं महिपत इस्त्रीचा शर्ट घालून एका सरकारी कचेरीत गेला.

तिथं पहिल्या खिडकीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरीनं जेवणाची सुट्टी होईस्तोवर थांबवलं, आणि सुट्टीनंतर पहिल्याच खिडकीनं एक छापील अर्ज दिला. महिपतनं तो मन लावून भरला. 'प्रयोगाचा प्रकार' या रकान्यात त्यानं 'जगबुडी' लिहिलं. 'प्रमुख कलाकार' या रकान्यापाशी तो थोडा वेळ थांबला, आणि मग स्वच्छ अक्षरात 'श्री. महिपत रामा भाटकर, सुकाणी (निवृत्त)' असं लिहून मोकळा झाला. अर्जासोबत कलाकाराचं ना-हरकत पत्र जोडायचं होतं. तेही त्यानं तिथल्या तिथं लिहिलं, खाली सही केली, आणि स्वतःचे आभारही मानले.

कारकून बाईंनी ते सगळं वाचलं. चष्मा काढला. "भाटकर, तिकीट लावणार आहात?"

"छे!"

"लाउडस्पीकर?"

"नाय."

"शेजाऱ्याच्या घरात टीव्ही बघणार आहात?"

"होय."

"मग इकडे कशाला आलात?"

महिपत परत आला तेव्हा बाबल्या कठड्यावर बसला होता. त्यानं विचारलं, "काय झालं?" महिपत म्हणाला, "त्यांनी मला ओळखलं," आणि शर्ट बदलायला घरी गेला.

रविवारी दुपारी तीन वाजता, बांगड्याचं तिखलं नि भात जेवून, मांडवीची साठ माणसं मुसाच्या पडवीत गोळा झाली. उजेड येऊ नये म्हणून होडीवरची ताडपत्री खिडक्यांना बांधली होती, त्यामुळे आत माणसांपेक्षा ताडपत्रीचा वास जास्त होता. महिपत पुढच्या खुर्चीवर बसला. नवी बनियन, नवा शर्ट, डोक्याला तेल. शेजारी बाबल्या, हातात वही.

सिनेमा सुरू झाला. समुद्र दिसला, आणि त्याबरोबर एक गृहस्थ इंग्रजीत बोलू लागले. हिरो आला, तरी गृहस्थ बोलतच. हिरोईन रडली, तरी गृहस्थ बोलतच, मधेच हसतातही. नमन-खेळ्यात सूत्रधार असतो तसा हा असेल, असं सगळ्यांनी धरून घेतलं. अर्धा तास मांडवीनं त्या सूत्रधाराचं आदरानं ऐकलं. मग रघूला सुचलं की हा डायरेक्टर आहे, आणि सिनेमा कसा काढला ते सांगण्याची पट्टी चुकून चालू झालीय. पट्टी बदलली, सिनेमा पहिल्यापासून लागला. अर्धा तास फुकट गेल्याचं कोणालाच वाईट वाटलं नाही. उलट दोघंतिघं म्हणाले, सूत्रधार बरा होता.

खाली अरबी अक्षरं पळत होती. मुसा ती वाचून सांगायचा. "तो म्हणतो... पाणी." थोड्या वेळानं, "ती म्हणते, पाणी नाय." रहिमा तोंडाला पदर लावून हसत होती.

पण खरी पंचाईत वेगळीच झाली. मांडवीतल्या निम्म्या पुरुषांचं आयुष्य होडीवर गेलेलं. त्यांना समुद्राचा सिनेमा दाखवणं म्हणजे सुताराला खुर्ची दाखवणं. "वारा खालनं नि शीड बघ कसं धरलंन!" "नांगर न टाकता झोपला, सकाळी खडकावर दिसंल." दर दोन मिनिटांनी सिनेमा थांबवायला लावून ते हिरोच्या चुका काढत होते. गंगुबाईचा आक्षेप सगळ्यात मूलभूत होता. "एवढा दर्या, नि कुणाच्या ताटात एक म्हावरं नाय? मेले खातात तरी काय?"

तरंगतं गाव आलं. महिपत खुर्चीच्या टोकावर सरकला. गाव या वेळी दीड मिनिटात गेलं नाही. चांगलं सहा मिनिटं चाललं. म्हातारे दिसले, पोरं दिसली, एक बकरीसुद्धा दिसली. महिपत दिसला नाही.

"अजून आहे," महिपत म्हणाला. "कॅमेरा माझ्या समोर होता. ह्या एवढ्यावर. तीनदा घेतलं त्यांनी."

पहिली तबकडी संपली. दुसरी लागली. वाढवलेली चाळीस मिनिटं बहुतेक हिरोच्या विचारात गेली. तो काठाशी उभा राहून लांब बघायचा. त्यातली बत्तीस संपेपर्यंत रघूनं मोजलं. महिपतच्या शर्टाची पाठ भिजली. आता तो 'अजून आहे' असंही म्हणत नव्हता.

आणि इथं एक चमत्कारिक गोष्ट घडली. बाबल्यानं वही मिटली. त्याच्या ध्यानात आलं असावं की तासाभरात आपण जिंकणार, आणि जिंकलो की उद्यापासून संध्याकाळी पाच ते साडेसात कठड्यावर बसून नुसता समुद्र बघायचा. समुद्र त्यानं पुष्कळ बघितला होता. हरकत घ्यायला समोर कोणी नसेल तर बेलिफानं करायचं काय?

"रघू," तो घसा खाकरून म्हणाला, "मागं घे जरा. गर्दीत नीट बघितलं नाय आपण."

"बघितलं की."

"मी सांगतो ना, मागं घे! पुरावा नीट न तपासता निकाल देतात काय?"

रघूनं पहिली तबकडी परत घातली. पुन्हा म्हातारे, पुन्हा बकरी. बाबल्या टीव्हीला नाक लावून बसला. "हा कोण? हा असेल. महिपत, हा तू नाय काय?" तो चक्क एका दाढीवाल्या गोऱ्याकडे बोट दाखवत होता.

"तो मी नाय," महिपत म्हणाला. त्याचा आवाज लहान झाला होता. "राहू दे, बाबल्या."

हेही महिपतचं एक मोठेपणच. शेवटी रघूनं दुसरी तबकडी पुन्हा लावली आणि सिनेमा होता तिथून पुढं गेला. गावातली माणसं संध्याकाळची कामं करतायत. पाच-सहा जण जाळी दुरुस्त करत होते. सगळ्यांची जाळी खुंट्यांना टांगलेली, सगळे स्टुलावर बसलेले, सुया कशातरी धरलेल्या. कॅमेरा त्यांच्यावरून सरकला आणि खाली आला.

"थांबव!" गंगुबाई किंचाळली.

चित्र थांबलं. फळ्यांवर एक पाय पसरलेला होता. काळा, खडबडीत, टाच भेगाळलेली. पायाच्या अंगठ्यात जाळ्याचा कोपरा ताणून अडकवलेला, आणि वर दोन हातांची बोटं सुई ओढताना.

जाळं असं अंगठ्यात ताणून कोण विणतं, हे तिथल्या साठही माणसांना माहीत होतं. त्यांचे बाप तसे विणत, आजे तसे विणत. पण डायरेक्टरला ते कोणी सांगितलं नसणार.

"हा आपल्यातला हाय," गंगुबाई म्हणाली. "गोऱ्याचा अंगठा असा वळत नाय."

मथुरा मागून उठून पुढं आली. टीव्हीसमोर वाकली, पदराच्या टोकानं काच पुसली. "ह्या पायाच्या चिखलाचे ठसे मी तीस वर्षं पुसतेय," ती म्हणाली. "हे आमचे."

"असं तोंडी चालणार नाय," बाबल्या म्हणाला, पण आवाजात आनंद मावत नव्हता. "पंचनामा. महिपत, पाय काढ."

महिपत खुर्चीवरून उठला. मुसानं स्टूल सरकवलं, आणि निवृत्त सुकाण्यानं आपला डावा पाय टीव्हीच्या शेजारी ठेवला. रहिमानं ताडपत्रीचं एक टोक उघडलं, उजेड आत आला. साठ माणसं एकदा या पायाकडे, एकदा त्या पायाकडे बघू लागली. अंगठ्याजवळचं बोट अंगठ्यावर चढलेलं. इकडेही, तिकडेही. बाबल्यानं वही उघडून दोन्हीकडच्या भेगा मोजल्या. दहा वर्षांत इकडे तीन वाढल्या होत्या, तेवढी सूट त्यानं दिली.

"तोंड दाखवा आता," मागून कोणीतरी म्हणालं. रघूनं बटण दाबलं. कॅमेरा पायावरून वर गेला, घोट्यापर्यंत, नडगीपर्यंत, गुडघ्यापर्यंत, आणि तिथं हिरो मधे आला. तो पायापाशी वाकला, फळीवरचा दोर उचलला आणि चालता झाला. सीन संपला.

महिपत स्टुलावर पाय ठेवून तसाच उभा राहिला. कॅमेरा एवढ्या जवळ आला, तीनदा घेतलं, 'गुड, गुड' म्हणाले. आणि दहा वर्षं त्याला वाटत होतं की ते त्याच्या चेहऱ्याला म्हणत होते. तीनही वेळा त्यानं चेहरा किती निश्चयी ठेवला होता ते त्याचं त्यालाच माहीत.

बाबल्यानं वही बंद केली आणि पडवीभर नजर फिरवली. "निकाल. महिपत रामा भाटकर पिच्चरात आहे. गुडघ्यापर्यंत. गुडघ्याच्या खालचं त्याचं सगळं म्हणणं खरं मानण्यात येत आहे. गुडघ्याच्या वरचं जे काय आहे त्याला आमची हरकत कायम."

"म्हणजे गोष्टी चालू?" मथुरानं घाईनं विचारलं.

"चालू!" बाबल्या म्हणाला, आणि सगळ्यात आधी त्यानंच टाळी वाजवली.

दुसऱ्या दिवशी पाच वाजता महिपत धक्क्यावर आला. आज तो कठड्यावर नेहमीसारखा पाय खाली सोडून बसला नाही. डावा पाय वर घेऊन, सगळ्यांना दिसेल असा पसरून बसला. पुण्याहून आलेली दोन-तीन पाहुणेमंडळी सूर्यास्त बघायला उभी होती. महिपतनं त्यांना जवळ बोलावलं.

"पाण्याचा इंग्रजी पिच्चर बघितलाय? नवीन डीव्हीडी आलीय. दुसरी तबकडी, वाढवलेली बत्तीस मिनिटं संपल्यावर. तो एवढा मोठा हिरो, सगळं जग ज्याच्या मागं, तो चालत चालत येतो नि कोणाच्या पायाशी वाकतो, सांगा बघू?"

पाहुण्यांनी बाबल्याकडे बघितलं. बाबल्यानं तंबाखू मळायची थांबवली, हरकत घ्यायला तोंड उघडलं, क्षणभर विचार केला, आणि म्हणाला,

"ते खरं आहे. मी स्वतः पंचनामा केलाय."